वाचकांचे प्रश्न : रोजच्या गाडीला कॉइलओव्हर

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. रोज वापरातल्या स्पोर्ट्स सेडानला बाहेरून विकत घेतलेले कॉइलओव्हर सस्पेन्शन (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांचा उंची बदलता येणारा संच) बसवावे का, आणि बसवलेच तर ते नीट जुळवावे कसे, असे वाचकांनी विचारले आहे. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या चार दरवाजांच्या स्पोर्ट्स सेडानचे मूळ शॉक अब्सॉर्बर थकले आहेत. गाडी रोज कामावर नेतो आणि अधूनमधून वळणावळणाच्या रस्त्यावर मनसोक्त चालवतो. मूळचेच नवे शॉक घ्यावेत की कॉइलओव्हर?

उत्तर : कॉइलओव्हरमुळे मूळ सस्पेन्शनमध्ये नसलेल्या तीन गोष्टी हाती येतात. आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंगची बैठक वर-खाली करून गाडीची उंची बदलता येते, स्प्रिंग हव्या त्या ताकदीची निवडता येते आणि, संच तसा असेल तर, डॅम्परचा (म्हणजे शॉक अब्सॉर्बरचा) जोर क्लिक मोजून कमी-जास्त करता येतो. यांपैकी एकही गोष्ट आपण पुन्हा हाताळणार नसाल आणि गाडी वीसेक मिलिमीटर खाली आली की आपले समाधान होणार असेल, तर उत्पादकाने एकमेकांना जुळवून दिलेला स्प्रिंग आणि डॅम्परचा साधा संच घ्यावा. चांगला साधा संच हा स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा केव्हाही बरा, कारण स्वस्त संचात काटछाट होते ती डॅम्परच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये, आणि ती बाहेरच्या रंगीत रिंगांवरून ओळखू येत नाही.

एक पर्याय मात्र टाळावा, तो म्हणजे जुन्या डॅम्परवर नुसत्या कडक स्प्रिंगा चढवण्याचा. स्प्रिंगची ताकद दुप्पट केली तर तिला पूर्वीइतकेच आवरण्यासाठी डॅम्परचा जोर सुमारे १.४ पट लागतो. थकलेल्या डॅम्परकडे मूळच्या स्प्रिंगपुरताही जोर उरलेला नसतो, त्यामुळे अशी गाडी कडकही लागते आणि उसळतही राहते.

मोनोट्यूब (एका नळीचा डॅम्पर) घ्यावा की ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला), असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबाखालचा गॅस यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि सतत राबल्यावरही जोर टिकतो. ट्विन-ट्यूबमध्ये गॅसचा दाब कमी, घर्षण कमी, आणि बाहेरच्या नळीला पोचा आला तरी आतला पिस्टन सहसा अडकत नाही. रोजच्या वापरासाठी उत्तम बनवलेला ट्विन-ट्यूब कुठेही कमी पडत नाही.

प्रश्न : मी पाहिलेल्या संचात पुढच्या स्प्रिंगा ७ किलो प्रति मिलिमीटर आणि मागच्या १२ किलो प्रति मिलिमीटर आहेत. इंजिन पुढे असताना मागच्या स्प्रिंगा इतक्या कडक कशा? ही छपाईची चूक तर नाही ना?

उत्तर : चूक नाही. स्प्रिंगवर छापलेला आकडा हा स्प्रिंगचा असतो, चाकाचा नव्हे. चाक एक मिलिमीटर वर गेले की स्प्रिंग किती दबते, हे ती कुठे बसवली आहे त्यावर अवलंबून असते, आणि या गुणोत्तराला मोशन रेशो म्हणतात. चाकापाशी जाणवणारी ताकद काढताना स्प्रिंगच्या आकड्याला या गुणोत्तराच्या वर्गाने गुणावे लागते, कारण त्याच तरफेमुळे हालचालही कमी होते आणि बलही.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच उभ्या खांबात असलेली रचना) असेल तर स्प्रिंग चाकाच्या अगदी जवळ असते आणि गुणोत्तर साधारण ०.९५ धरता येते. म्हणजे ७ चे चाकापाशी सुमारे ६.३ उरतात. मागे मल्टिलिंक (चाक अनेक दांड्यांनी धरणारी रचना) असून स्प्रिंग आर्मवर, म्हणजे चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्यावर, बरीच आत बसलेली असेल आणि गुणोत्तर ०.६५ असेल, तर १२ चे चाकापाशी सुमारे ५.१ च राहतात. म्हणजे आपल्याला कडक वाटलेली मागची बाजू प्रत्यक्षात पुढच्यापेक्षा मऊ आहे. आपल्या गाडीचे नेमके गुणोत्तर मात्र मोजूनच घ्यावे, कारण एकाच धर्तीच्या दोन गाड्यांतही ते वेगळे निघते.

आता यापुढचा, माझ्या मते अधिक मोलाचा प्रश्न असा की हा संच रोजच्या गाडीला मानवेल का. त्यासाठी चाकापाशीची ताकद त्या कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेल्या वजनाशी ताडून पाहावी लागते, आणि या दोहोंवरून गाडीच्या त्या टोकाची डोलण्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ते सेकंदाला किती वेळा डोलते, हे निघते. पुढच्या एका चाकावर ३८० किलो आणि मागच्या एका चाकावर ३०० किलो धरले, तर या संचाची वारंवारता पुढे सुमारे २.०३ हर्ट्झ आणि मागे २.०५ हर्ट्झ येते. साध्या कौटुंबिक गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असतात. रोज वापरायची पण चपळ हवी असलेली सेडान मी दीड ते पावणेदोनच्या दरम्यान ठेवीन. दोनच्या पुढे गेले की गुळगुळीत रस्त्यावर मजा येते, पण खडबडीत रस्त्यावर चाक टेकलेले राहण्याऐवजी उड्या मारू लागते, आणि उडालेल्या चाकाला पकड नसते. कडकपणा वाढवला की पकड आपोआप वाढते हा समज इथेच कोसळतो.

म्हणून पुढे ५ आणि मागे ९ च्या स्प्रिंगा मिळतात का, हे विक्रेत्याला विचारावे. त्याने पुढची वारंवारता सुमारे १.७२ आणि मागची १.७७ हर्ट्झ होते. मागचा आकडा किंचित मोठा ठेवण्याला जुना आधार आहे. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणारे अभियंते मॉरिस ऑली यांनी असे दाखवले होते की उंचवट्यावर पुढची चाके आधी आणि मागची नंतर चढतात, त्यामुळे मागच्या टोकाची लय थोडी जलद ठेवली तर ती पुढच्याला गाठते आणि गाडी पुढे-मागे झुलत बसत नाही. स्प्रिंग बदलून घेताना डॅम्परचा व्हॉल्व्हही त्या ताकदीला जुळवून मिळणार का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

प्रश्न : माझ्याकडे जॅक, स्टँड, पान्यांचा संच आणि टॉर्क रेंच आहे. कॉइलओव्हर घरीच बसवता येतील का? कुठे चुकण्याची शक्यता जास्त असते?

उत्तर : येतील, मात्र गाडी जॅकवर नव्हे तर स्टँडवर पेललेली असावी आणि हाताशी भरपूर वेळ असावा. कामातला खरा धोका मूळ स्ट्रट सोडवताना आहे. त्याचे टॉप माउंट (स्ट्रटचे वरचे टोक बॉडीला धरणारा भाग) नव्या कॉइलओव्हरवर वापरायचे असेल, तर दबलेली स्प्रिंग मोकळी करावी लागते, आणि त्यासाठी चांगल्या प्रतीचा स्प्रिंग कॉम्प्रेसर हवाच. तो नसेल तर स्ट्रट काढून वर्कशॉपमध्ये न्यावा आणि तेवढे काम तिथून करून घ्यावे. माउंट जुने असेल तर त्याची बेअरिंग या वेळीच बदलावी, नाहीतर स्टीअरिंग वळवताना स्प्रिंग अडकून टणटण वाजते आणि सगळे पुन्हा उघडावे लागते.

सोडवण्यापूर्वी चारही कोपऱ्यांची उंची मोजून लिहून ठेवावी. मोजमाप जमिनीपासून न घेता हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत घ्यावे, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक आड येत नाही. ब्रेकची होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या पकडींतून आधी मोकळी करावी, आणि कॅलिपर काढला तर तो होजवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवावा. नकल (चाकाचा हब धरणारा भाग) स्ट्रटमधून सुटला की बाहेर झुकतो आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा ताणला जातो, म्हणून त्यालाही आधार द्यावा.

वरचा नट हे चुकण्याचे हमखास ठिकाण आहे. तो इम्पॅक्ट गनने आवळण्याचा मोह होतो, कारण साध्या पान्याने फिरवू गेले तर डॅम्परचा दांडाच फिरतो. गनने काम झटकन होते, पण आत दांडा वेगाने गरगरतो, त्यामुळे सील आणि पिस्टनचा नट दोन्ही धोक्यात येतात. पोकळ दांड्यातून डॅम्पिंगची काडी जात असेल तर तीही. दांडा अॅलन कीने धरून नट बाजूच्या पान्याने हळूहळू आवळावा. नायलॉनच्या कड्याचे नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून ती अधिक महाग पडते. लोअर आर्मचे रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेले असतात, त्यामुळे आर्म हलताना रबर पिळले जाते. गाडी स्टँडवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर बुश त्या लोंबत्या स्थितीत पकडले जातात. मग गाडी खाली आली की ते कायम पिळलेलेच राहतात, उंची खोटी दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटते. म्हणून बोल्ट आधी नुसते टेकवावेत, नंतर आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन चालत्या उंचीइतके दाबावे किंवा गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करावी, आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचा आवळा द्यावा. टॉर्कचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्यावेत. अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंकही अशाच, वजन चाकांवर असताना जोडाव्यात. गाडी खाली आल्यावर मूळ लिंक लांब पडतात आणि बार ड्राइव्हशाफ्टला किंवा आर्मला घासू शकतो, तेव्हा लांबी बदलता येणाऱ्या लिंक घेणे बरे.

जॅक काढल्यावर गाडी लगेच खरी उंची दाखवत नाही. टायर जमिनीवर आडवे सरकू न शकल्यामुळे ती थोडी वरच अडून राहते. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलून मगच मोजावे.

प्रश्न : कॉइलओव्हर बसवून गाडी ५० मिलिमीटर खाली घेतली. दिसते सुंदर, पण गतिरोधकावर धाडकन आदळते. डॅम्पर अगदी मऊ केला तरी फरक नाही. प्रीलोड वाढवून पाहू का?

उत्तर : प्रीलोडला हात लावू नका. आपली गाडी डॅम्परमुळे आदळत नसून जागा संपल्यामुळे आदळते आहे.

सरळ स्प्रिंगची ताकद प्रीलोडने, म्हणजे ती आधीच दाबून बसवल्याने, बदलत नाही. ७ किलोची स्प्रिंग आधी दोन मिलिमीटर दाबून बसवा की दहा, पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ती ७ किलोच मागते, आणि चाकावरचे वजनही तेवढेच असल्यामुळे उभ्या गाडीत ती तेवढीच दबते. बदलते ते इतकेच की दांडा कुठे उभा राहतो. फक्त स्प्रिंगच्या बैठकीने उंची ठरणाऱ्या संचात बैठक खाली नेली की दांडा नळीत आत जातो आणि वर जाण्याची वाट कमी होते. खालचे ब्रॅकेट स्वतंत्रपणे फिरवून उंची बदलणाऱ्या संचात डॅम्परची वाट तशीच राहते, म्हणून रोजच्या गाडीसाठी मी हा प्रकार पसंत करतो. पण तिथेही टायर फेंडरला लागणे आणि आर्मचा कोन बिघडणे सुटत नाही. आणखी एक खुबी लक्षात ठेवावी. ०.६५ गुणोत्तराच्या मागच्या बाजूला बैठक १० मिलिमीटर फिरवली तर गाडी सुमारे १५ मिलिमीटर हलते, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या बाजूचे आटे एकाच मापाने फिरवू नयेत.

खरी परिस्थिती पाहायची असेल तर डॅम्परच्या चकाकत्या दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट बसवून नळीला टेकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा. दांडा आत जाताना नळी टायला वर ढकलते आणि परत येताना त्याला तिथेच सोडते. टाय बम्प स्टॉपपर्यंत (दांड्याची वाट संपते तिथल्या रबरी ठोकळ्यापर्यंत) रोज पोहोचत असेल, तर स्प्रिंग आपले काम संपवून सगळे ओझे त्या ठोकळ्यावर टाकते आहे. दांडा वर आणि नळी खाली असलेल्या डॅम्परलाच ही युक्ती चालते, उलट्या बसवलेल्यांना नाही. बम्प स्टॉप कापून जागा वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर उत्पादकाने सांगितल्याखेरीज तो मानू नये. स्टॉप नसेल तर पुढचा धक्का डॅम्परच्या आतल्या पिस्टनला बसतो.

गाडी वाकून पाहा. लोअर आर्मचे चाकाकडचे टोक बॉडीकडच्या टोकापेक्षा वर गेलेले दिसत असेल, तर उंची जास्त उतरली आहे असे समजावे. मॅकफर्सन गाडीत खाली घेताना रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली जाते. दोघांमधले अंतर वाढले की वळणावर कलण्याची ओढ वाढते, म्हणजे गाडी खाली घेऊनही ती अधिक कलू पाहते आणि मग कडक स्प्रिंगांनी तिला आवरावे लागते. स्टीअरिंगचा टाय रॉडही (चाक वळवणारा दांडा) तिरका होतो आणि खड्ड्यावर चाक आपणहून वळू लागते. माझे मत विचाराल तर मूळ उंचीपेक्षा २० ते ३० मिलिमीटर खाली ही रोजच्या सेडानची मर्यादा आहे. पन्नास मिलिमीटरवर गाडी फक्त उभी असतानाच चांगली दिसते. आपण ती निम्मी वर घ्यावी, म्हणजे डॅम्परचे क्लिक पुन्हा कामाचे ठरतील.

प्रश्न : ३२ क्लिकचे डॅम्पर आहेत. मित्र म्हणतो, चारही १६ वर ठेव आणि विसरून जा.

उत्तर : १६ ही सुरुवात म्हणून ठीक आहे. आधी मोजणी कुठून करायची ते पाहावे. बहुतेक उत्पादक पूर्ण कडक टोकापासून मोजायला सांगतात, कारण त्या टोकाला खुंटी निश्चित टेकते. तिथे नुसते टेकवावे, पिळू नये, आणि मग उलटे मोजत यावे. एका खुंटीच्या डॅम्परमध्ये बहुधा रीबाउंड, म्हणजे स्प्रिंग उघडतानाचा जोर, जास्त बदलतो आणि दाबतानाचा त्यामानाने कमी.

जुळवण्यासाठी एक ओळखीचा रस्ता ठरवावा. टायरची हवा तीच, वेग तोच, आणि एका वेळी एकाच टोकाचे दोन क्लिक बदलावेत. उंचवट्यानंतर गाडी एकाहून अधिक वेळा वर-खाली झाली तर रीबाउंड कमी आहे. पाठोपाठ आलेल्या खाचांवर ती प्रत्येक खाचेबरोबर अधिकाधिक खाली बसत जाऊन कडक होऊ लागली तर रीबाउंड जास्त आहे. स्प्रिंगला पुन्हा उघडायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या लक्षणाला लोक स्प्रिंगचा कडकपणा समजतात आणि क्लिक आणखी वाढवतात, मग गाडी आणखी बिघडते. टोकदार धक्का थेट आसनापर्यंत येत असेल तर आधी टायरमधली हवा पाहा, मग डॅम्पर मऊ करा.

डॅम्पर फक्त हालचाल चालू असताना काम करतो. वळणात शिरताना गाडी जडपणे वळते किंवा मागचे टोक एकदम सुटते, यावर क्लिकचा उपाय आहे. लांब वळणात स्थिरावल्यावर ती सतत बाहेर ओढत असेल तर तो प्रश्न स्प्रिंग, अँटी-रोल बार, टायर आणि कॅम्बरचा (समोरून पाहता चाकाच्या आत-बाहेर कलण्याचा) आहे, तिथे क्लिक कितीही फिरवले तरी उपयोग होत नाही.

प्रश्न : कॉइलओव्हरनंतर पुढचे टायर आतल्या कडेने झिजले. वर्कशॉपवाले कॅम्बरला दोष देतात. शिवाय चारही कोपऱ्यांची उंची सारखी करूनही जोरात ब्रेक मारला की गाडी किंचित एका बाजूला जाते.

उत्तर : कॅम्बर बदनाम आहे, पण खरा झिजवणारा बहुधा टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, असतो. उंची बदलली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि त्याबरोबर टो सरकतो. एका चाकाला पाव अंशाचा टो असेल तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवे घासते. त्यामानाने पुढे उणे दीड अंशाचा कॅम्बर, टो शून्याजवळ असेल तर, रोजच्या वापरात टायर लवकर खात नाही. मागे किंचित टो-इन (चाकांची पुढची कड आत) ठेवावा, त्याने गाडी सरळ राहते. अलाइनमेंट उंची आणि रिंगा पक्क्या झाल्यावरच करावी, चालकाच्या आसनावर तितके वजन ठेवून केली तर उत्तम, आणि नंतर उंचीला हात लावला तर ती पुन्हा करावी लागेल हे धरूनच चालावे.

ब्रेकची ओढ ब्रेकमुळेही असू शकते, म्हणून कॅलिपर आणि होज आधी तपासा. ते ठीक असतील तर कोपऱ्यांवरचे वजन तपासा. उंची सारखी आणि वजन सारखे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डुगडुगणाऱ्या टेबलाचे चारही पाय जमिनीला टेकलेले दिसतात, पण भार कर्णावरच्या दोन पायांवरच असतो. गाडी चार वजनकाट्यांवर उभी केली आणि पुढे डावीकडे ४००, पुढे उजवीकडे ३८०, मागे डावीकडे ३०० आणि मागे उजवीकडे ३२० किलो आले असे समजा. पुढची उजवी आणि मागची डावी मिळून ६८० होतात, म्हणजे एकूण १४०० च्या ४८.६ टक्के. हा कर्ण ५० टक्क्यांजवळ आणण्यासाठी त्याच दोन कोपऱ्यांच्या बैठका थोड्या वर किंवा उरलेल्या दोन थोड्या खाली घ्याव्यात. बैठका फिरवून पुढे-मागे किंवा डावे-उजवे एकूण वजन जवळजवळ बदलत नाही, कर्णाचाच भार बदलतो. हे काम सपाट जमिनीवर, अँटी-रोल बारची एक लिंक सोडून, आसनावर चालकाइतके वजन ठेवून करावे. रोजच्या गाडीत अर्ध्या-एक टक्क्याच्या फरकासाठी दिवस घालवू नये.

प्रश्न : बसवल्यापासून पुढून कटकट आवाज येतो आणि रात्री समोरचे वाहनचालक दिवे मारतात. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : आवाजासाठी या क्रमाने पाहा: खालची लॉक रिंग, वरचा नट, लिंक रॉडचे बॉल जॉइंट, आणि शेवटी हेल्पर स्प्रिंगची (मुख्य स्प्रिंग सैल पडू न देणाऱ्या छोट्या स्प्रिंगची) वेटोळी. रिंग सैल निघाली तर उंची पुन्हा मोजूनच आवळा. आट्यांवर धूळ आणि ओल साचून रिंगा जाम होतात, म्हणून ब्रशने साफ करून कोरडे वंगण लावावे. ओले ग्रीस माती धरून ठेवते.

दिव्यांचे कारण वेगळे आहे. आपोआप उंची जुळवणाऱ्या हेडलॅम्पचा सेन्सर सस्पेन्शनच्या आर्मला एका छोट्या काडीने जोडलेला असतो, आणि गाडी खाली आल्यावर त्याला नवी उंची शून्य म्हणून शिकवावी लागते. फक्त मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली घेतली असेल तर सेन्सर नसलेल्या गाडीतही दिवे वर होतात. काचेमागे कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर त्यांचेही कॅलिब्रेशन याच वेळी करून घ्यावे. आपल्या गाडीत मूळचे इलेक्ट्रॉनिक डॅम्पर होते असे पत्रावरून दिसते. त्यांचे कनेक्टर मोकळे सोडले तर डॅशबोर्डवर इशारा लागतो, आणि तो विझवण्यासाठी त्या गाडीसाठीच बनवलेले मॉड्यूल बसवावे. काढलेले मूळ डॅम्पर, नट-बोल्टसह, जपून ठेवा. गाडी विकताना त्यांची विचारणा होते.